हलाखी लिहिताना आधी हिशेब मांडा

आईबापांच्या कष्टांवर हल्ली भरपूर लिहिलं जातं. दिवाळी अंकांत, फेसबुकवर, पदरमोड करून छापलेल्या शंभर पानी पुस्तकांत. त्यातलं बहुतेक प्रामाणिक असतं आणि तरी फसतं. कारण जवळपास प्रत्येक वेळी तेच: "अठराविश्वे दारिद्र्य", "हाडाची काडं केली", "पोटाला चिमटा काढून शिकवलं". हे शब्द इतके झिजलेत की त्यांतून आता कोणाचंच घर दिसत नाही. घरात किती येत होतं, किती जात होतं, कमी पडलं की आधी कशाला कात्री लागायची आणि ते कोण ठरवायचं, एवढं सांगितलं की घर दिसायला लागतं. माया वेगळी लिहावी लागत नाही, ती त्या ठरवण्यात आलेली असते.

'श्यामची आई' हे रडवणारं पुस्तक म्हणून सगळ्यांना माहीत आहे. एकदा ते फक्त पैशावर नजर ठेवून वाचा. भावाच्या कोटाचा प्रसंग घ्या. शिकायला बाहेर राहिलेला श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि तो घेऊन घरी येतो. एखाद्या बेताच्या लेखकाने इथे आईच्या डोळ्यांत पाणी आणून प्रसंग संपवला असता. साने गुरुजींची आई आधी चौकशी करते: पैसे आले कुठून? कर्ज काढलंस, फीचे वापरलेस, की कोणाचे न विचारता घेतलेस? गहिवर त्यानंतर. सावकाराचा तगादा सोसलेल्या घरात नवा कपडा पाहून पहिल्यांदा हीच धास्ती वाटणार. त्या चौकशीत घरावरचं कर्ज, मुलाची काळजी आणि बाईचा ताठ कणा हे तिन्ही आलं, आणि लेखकाने यातलं काहीही नाव घेऊन सांगितलेलं नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी एका महिन्याचा जमाखर्च मांडावा. आवक कोणाची आणि कधी, हे सगळ्यांत आधी. रोजंदारीच्या घरात संध्याकाळी हातात पैसे पडल्यावरच दुकानातून तेलमीठ यायचं. नोकरीच्या घरात पगाराची तारीख आणि दुकानदाराची वही यांच्यामध्ये महिना ताणलेला असायचा. कोरडवाहू शेतीत वर्षाची आवक सुगीला एकदाच. या तीन घरांतल्या भांडणांचे दिवससुद्धा वेगळे असतात. मग जावक: धान्य, भाडं किंवा व्याज, औषधपाणी, फी. खाली तूट. आणि तूट कशी भरून निघाली: उधारीने, डोरलं गहाण टाकून, फीमाफीसाठी नादारीचा अर्ज करून, की थोरल्या मुलीचं नाव शाळेतून काढून? लिहिण्यासारखा प्रसंग बहुतेक वेळा या शेवटच्या ओळीत सापडतो. थोरलीचं नाव काढलं म्हणून धाकटा शिकला असेल, तर धाकट्याच्या यशाची कहाणी तिच्याशिवाय लिहिताच येत नाही. अशा किती कहाण्यांत ती बहीण एका वाक्यापुरती येऊन जाते, ते मोजून पाहा.

आकडे मात्र त्या काळाचे हवेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाला ६४ पैसे. १९५० सालच्या प्रसंगात कोणी २५ पैसे मोजून दिले की जाणता वाचक तिथेच थांबतो, कारण तिथे चार आणे हवेत. धान्याचंही तसंच. ४ शेरांची पायली, १६ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. पायली गावागणिक लहानमोठी असायची, म्हणून तिचे किलो करत बसू नये, पायलीच लिहावी. दिडीने आणलेल्या एका मणाचा सुगीला दीड मण द्यावा लागे, म्हणजे ८ पायल्या नुसत्या व्याजात गेल्या. "सावकाराने पिळून काढलं" या वाक्यापेक्षा या ८ पायल्या जास्त बोलतात. १९७२ च्या दुष्काळावर लिहिताना भेगाळलेली जमीन एका ओळीत आटपा. खडी फोडायच्या कामावर कोण कोण गेलं, तिथे वाटलेली सुकडी (कोरडा पोषक खाऊ) तिथेच खाल्ली की पदरात बांधून घरी आणली, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी थापताना काय व्हायचं, हे लिहा.

ही माहिती मिळवायची कशी? "आजी, तेव्हा फार हाल झाले का गं?" असं विचारलं तर "व्हायचेच रे" यापुढे काही मिळत नाही. भाकरी किती थापायचीस, शेवटी कोण जेवायचं, गहाण टाकलेलं सुटलं का, उधार बंद केल्यावर दुकानावरून जाताना कुठल्या बाजूने जायचीस, असं विचारा. मग एकेक गोष्ट निघते. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्या घासून एक करू नका. भावाला बाप मारकुटा आठवतो आणि बहिणीला रात्री पाय चेपून देणारा. दोन्ही खरं असू शकतं, आणि दोन्ही ठेवलं तरच बाप माणूस राहतो.

आईच्या बाबतीत हे जास्त अवघड जातं. आपल्याकडे आई लिहिताना तिची लगेच मूर्ती होते, आणि मूर्तीला भूक नसते, राग येत नाही, पक्षपातही करता येत नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनातली आई सतत बांबूच्या टोपल्या-सुपं विणत असते. ती रोजचं काम करते, त्यातून घर चालतं, आणि तिचं दुःख त्या हातांच्या हालचालीतून कळतं. आपल्या आईचे हात दिवसभर कशात असायचे, एवढं नीट लिहिलं तरी निम्मं काम होतं. तिने कधी अन्याय केला असेल, मुलाला दूध आणि मुलीला ताक दिलं असेल, तर तेही त्याच सुरात लिहावं.

दुसरी मोठी चूक निवेदनाची. सात वर्षांचा मुलगा गोष्ट सांगतोय आणि त्याच्या तोंडी पन्नाशीच्या माणसाची समज. सात वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की आज आईने आपल्या ताटात वाढलं आणि स्वतः पाणी पिऊन उठली. त्याचा अर्थ त्याला कळत नाही, तिला भूक नसेल असं त्याला वाटतं. तसंच लिहायचं, अर्थ वाचक लावतो. नंतरची समज आणायचीच असेल तर ती कोणाची, हे स्पष्ट हवं. दया पवारांनी 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात यावर नामी तोड काढली: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे, एक भोगलेला आणि एक शिकून लिहिता झालेला. त्यामुळे स्वतःची कीव करण्याचा धोका बराच टळतो. प्रत्येकाने हीच युक्ती वापरावी असं नाही, वापरली तर उसनी वाटेल. पण सांगणारा आणि भोगणारा यांच्यात अंतर लागतंच.

हे अंतर विनोदानेही येतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ओढगस्त आहे, नवऱ्याने धर्म बदलल्यावरची ताटातूट आहे, आणि तरी पानोपानी हसू येतं, कारण त्या स्वतःलाही सोडत नाहीत. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने सगळं घर जेरीस आलेलं, पण तक्रारीचा सूर नाही. आजच्या लिखाणात हे फार कमी दिसतं. दुःखाच्या गोष्टीत हसलं तर अपमान होईल, अशी भीती असावी.

राहता राहिला जिवंत नातेवाइकांचा प्रश्न. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' हे आत्मकथन घरच्यांपासून लपवून लिहिलं, आणि पहिला खर्डा लपवूनच लिहिलेला बरा. आधी विचारत बसलात तर काका म्हणेल, हे कशाला उकरतोस, आणि हात आखडेल. छापण्याआधी मात्र ज्याची लाज उघडी पडते त्याला ती पानं दाखवावीत. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण "माझा धाकटा चुलता" म्हटल्यावर गावाला तो कळतोच. व्यसन, आजार, अनौरस मूल, जमिनीचा वाद हे चार विषय असतील तर नातं, गाव आणि धंदा यांतल्या दोन गोष्टी तरी बदला, किंवा तेवढा भाग काढून ठेवा. तारीख घालून बाजूला ठेवला तर पुढच्या आवृत्तीत घेता येतो.