अटलांटिकवरून विनाथांबा

साताऱ्याहून स्वारगेटला जायचं तर आम्ही विनाथांबाच धरतो, रांग कितीही लांब असो. मग अमेरिकेला जाताना चार पैसे वाचवायला मधे उतरायची अक्कल गेल्या खेपेला मला कुठून सुचली, कोण जाणे. युरोपातल्या एका विमानतळावर आम्ही उशिरा पोचलो, पुढचं विमान निघून गेलं आणि रात्र खुर्च्यांवर काढली. भाजणीची बॅग दोन दिवसांनी लेकीच्या दारात आली.

यंदा लंडनला पुतण्याकडं आठवडाभर राहून पुढं बॉस्टनला जायचं ठरलं. पोवई नाक्यावरचा एजंट न्यूयॉर्कमार्गे स्वस्तातलं तिकीट दाखवत होता. थेट विमानाला माणशी नऊ हजार जास्त. पण अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतरतो तिथंच इमिग्रेशन. सामानही तिथंच पट्ट्यावरून उचलायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचं. तेवीस-तेवीस किलोंच्या चार बॅगा! ही म्हणाली, "अहो, थेटच घ्या. वाचलेले पैसे माझ्या गुडघ्यांनाच लागायचे."

हीथ्रोवरून सकाळी अकराला निघालो. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमान वर वर सरकताना बघून हिला काळजी. "बॉस्टन तर खाली आहे ना?" खरंच आहे, बॉस्टन जवळपास रोमच्या अक्षांशावर. मग जेवणातल्या गोल पावावर शालीचा दोरा ताणून दाखवला: गोलावरची जवळची वाट अशी उत्तरेकडं फुगते. ती म्हणाली, "पाव खायचा होता मला."

कॅनडाच्या पूर्व टोकाचं न्यूफाउंडलंड बेट आलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसलो. खाली नुसते ढग. जून 1919 मध्ये इथूनच अल्कॉक आणि ब्राउन हे दोघे ब्रिटिश वैमानिक उलट दिशेनं निघाले आणि जवळपास 16 तासांनी आयर्लंडच्या दलदलीत नाकावर उतरले. अटलांटिकवरचं ते पहिलं विनाथांबा! तेही वारा पाठीशी घेऊन. तोच पश्चिमेचा वारा आम्हाला समोरून, म्हणून जाताना साडेसात तास लागले. परतताना साडेसहाच्या आत पोचलो.

बॉस्टनला दुपारचे दीड, साताऱ्यात रात्रीचे अकरा. इमिग्रेशनच्या रांगेत तासभर गेला, त्याला इलाज नाही. पट्ट्यावर पहिली बॅग आली ती भाजणीचीच. हिनं आधी चेन उघडून वास घेतला, मगच मला हात लावू दिला.