स्पितीत विंचचा दोर गोठतो तेव्हा

काझात सकाळी साडेसातला बंपरसमोर उकिडवा बसून विंचच्या, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणाऱ्या यंत्राच्या, ड्रमवर बोट टेकवलं, तर बोटाला दोर लागलाच नाही, बर्फ लागला. आत निळ्या दोराची वीण स्वच्छ दिसत होती, पण नखही शिरत नव्हतं.

चूक आदल्या संध्याकाळची, आणि माझीच. फेब्रुवारीत पुण्याहून दोन थार घेऊन गेलो होतो. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद, त्यामुळे शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको अशी वाट. नाकोच्या पुढे भाजीच्या पिकअपची मागची चाकं गटारात उतरली होती. वीस मिनिटांत ओढून काढली. तेवढ्यात दोर चिखल आणि अर्धवट वितळलेल्या बर्फातून चांगला लोळला. अंधार पडत होता, बोटं बधिर झाली होती. तसाच ओला गुंडाळला आणि काझाला मुक्कामाला गेलो.

सिंथेटिक दोराचा धागा स्वतः पाणी पीत नाही, हा दोर पाण्यावर तरंगतो. म्हणून मी निर्धास्त होतो. पण बारा पदरांची वीण पोकळ नळीसारखी असते. पदरांच्या मधे पाणी आणि बारीक वाळू दोन्ही बसतात. काझा सुमारे 3,650 मीटरवर, रात्री पारा शून्याच्या कितीतरी खाली. गोठल्यावर बर्फाचे कण आणि वाळू मिळून आतून धागे कापत राहतात, बाहेरून काही कळत नाही.

किब्बरच्या वाटेवर मित्राची गाडी कडेच्या बर्फात रुतली, तेव्हा हाच दोर हवा होता. विंचच्या क्लचचा, म्हणजे ड्रम मोकळा सोडणारा, दांडा हलेना. शेवटी हुक धरून जोर लावला, वरचा फेरा करकरत सुटला आणि हातभर दोर कापसासारखा फुलला. तिथेच थांबलो. दीड तास फावड्यानं बर्फ उपसून गाडी काढली.

गोठलेला दोर ओढू नका, हे कळकळीनं सांगतो. उकळतं पाणी ओतू नका, ते ड्रमच्या आत जाऊन पुन्हा गोठतं. ब्लोटॉर्च तर नाहीच. हा धागा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो आणि सत्तरच्या पुढे ताकद गमावू लागतो. आम्ही गाडीचं नाक दक्षिणेकडे, उन्हात केलं. स्पितीचं दुपारचं ऊन कडक असतं, एकच्या सुमाराला ड्रम मोकळा झाला. होमस्टेच्या मावशी म्हणाल्या, तंदूरच्या (खोली तापवणाऱ्या शेगडीच्या) नळीवर टाका, लगेच वाळेल. मी हात जोडले आणि लांबच्या भिंतीला खुंट्यांवर वेटोळी टांगली.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच नेम: दोर वापरला असो वा नसो, ड्रमवर बर्फ उडाला असेल तर पूर्ण उलगडायचा, फडक्यानं पुसायचा, जमलं तर खोलीत न्यायचा. सकाळी निघण्याआधी क्लच दोनदा फिरवून पाहायचा. गुंडाळताना हलका ताण हवा. सपाट जागी दोराचं टोक पक्क्या आधाराला अडकवून, गाडी न्यूट्रलला टाकून विंचनं तिला त्या आधाराकडे ओढू दिलं की फेरे घट्ट बसतात. सैल फेऱ्यांत पाणी साचतं, आणि ताण आल्यावर वरचा फेरा खालच्यात रुततो. ओढताना ड्रमवर किमान दहा फेरे राहू द्या. स्टीलच्या वायरला पाच पुरतात, पण तिच्याकडे गंज पाहावा लागतो: पुसून हलकं तेल, जाड ग्रीस नको, त्यात वाळू चिकटते. जाड चामडी हातमोजे तर हवेतच. तुटलेली तार लोकरी मोजा सहज भेदते. आणि वायरनं चरे पाडलेल्या फेअरलीडमधून (बंपरवरच्या, दोर बाहेर येण्याच्या वाटेतून) सिंथेटिक दोर कधीच घालू नका.

बॅटरीचंही लक्षात ठेवा. थंडीत ती आधीच मंद असते आणि विंच पूर्ण भाराला चारशेच्या आसपास अँपिअर ओढतं. इंजिन चालू ठेवूनच ओढा, मधेमधे थांबा.

पुण्यात आल्यावर पूर्ण दोर काढून कोमट पाण्यात सौम्य साबण घालून भिजवला. दोर दोन्ही हातांनी एकमेकांकडे दाबला की वीण उघडते, आत पाहता येतं. पांढरी भुकटी दिसली तर धागे आतून झिजलेत. चकचकीत कडक डाग वाकवूनही मऊ होत नसेल तर तो वितळलेला आहे, तेवढा भाग कापा. फुललेला भाग मी कापला, टोकाला नवी स्प्लाइस, म्हणजे दोर स्वतःतच विणून केलेला फास, घातली. दोर आता दीड मीटर कमी आहे. सावलीत गॅलरीत टांगलाय. तिसऱ्या बादलीचं पाणीही मातकटच निघालं, उद्या चौथी भरणार आहे.