सर्दीले इतला पैसा?

अमळनेरात माझं मेडिकल आहे. समोर बाळंतपणाचा दवाखाना, शेजारी सोनोग्राफी. त्यामुळे दिवसभराचं गिऱ्हाईक म्हणजे एक पोटुशी बाई आणि तिच्यासोबत सासू नाहीतर नवरा. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांवरून कुणी हुज्जत घालत नाही. पण चिठ्ठीवर फ्लूची लस लिहिलेली असली की काउंटरवर बैठकच भरते.

"हाई कसानी सुई शे?"

"फ्लूची, मावशी."

"म्हंजे सर्दीनी? सर्दीले इतला पैसा?"

दीड-दोन हजारांचा मामला आहे. भाव नाही म्हणून कापूस घरातच पडून असतो, त्यात वर सोनोग्राफीचे पैसे आत्ताच मोजलेले असतात. त्यामुळे अशा माणसाला मी कंजूस म्हणणार नाही. पण चिठ्ठी जिच्या नावाची, दंड जिचा, ती सून या सगळ्या बोलण्यात पिशवीचे बंद चाळवत उभी असते, हे मात्र रोज खटकतं.

धनुर्वाताच्या सुईला कुणी नाही म्हणत नाही. ती उपकेंद्रात नर्सबाई फुकट टोचते, कार्डावर तिचा रकाना असतो आणि सासूनेही तिच्या वेळी ती घेतलेली असते. बाळंतीण आणि बाळ यांचा धनुर्वात आपल्या देशातून हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं, त्यात त्या सुईचाही वाटा आहे. फ्लूच्या लसीला कार्डावर जागा नाही, म्हणून ती 'जादाची' ठरते. "जरुरी असती तर सरकारने दिली नसती का?" हा प्रश्न मला शिकलेले नवरेही विचारतात. 2015च्याच स्वाइन फ्लूच्या साथीत राज्य सरकारने गरोदर बायांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती, हे त्यांना सांगते. आजही सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करा म्हणते. तिथे मिळाली तर माझी विक्री गेली, जाऊ दे.

बाकी शंका ठरलेल्या. आमच्या वेळी नव्हती. कोरोनाची घेतली तेव्हापासून गुडघे धरलेत. सुईने ताप आला तर बाळाला बाधेल. या शेवटच्या शंकेला मी मान देते, कारण ती खरी काळजी आहे. इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कुणाला दिवसभर कसकस वाटते. खरा फ्लू झाला तर अंग चांगलं चार-पाच दिवस फणफणतं, आणि तो ताप पोटातल्या बाळाला जास्त जड. नाकात फवारायची एक जिवंत विषाणूची लस असते, ती मात्र गरोदरपणी देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते इंजेक्शन कोणत्याही महिन्यात चालतं. आपल्याकडे बरेच डॉक्टर सातव्याच्या आसपास लिहितात.

एवढं ऐकूनही सासूबाई हलत नाहीत. मग मी ठेवणीतलं वाक्य काढते: "मावशी, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला स्वतःला ही लस देता येत नाही. आईला दिली तरच तिच्या रक्तातून बाळाला संरक्षण मिळतं." की लगेच कनवटीची पिशवी सुटते. वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि तरी दरवेळी ते म्हणताना मला चीड येते. बाईसाठी म्हटलं तर महाग, नातवासाठी म्हटलं की लगेच परवडतं!

विकल्यावरही जीव टांगणीला असतो. लस 2 ते 8 अंशात राहायला हवी, आणि खान्देशातला मे महिना तुम्हाला माहीत आहे. दुकानाचा फ्रिज मी वेगळ्या इन्व्हर्टरवर ठेवलाय. बर्फाची पिशवी देताना मध्ये कागदाची घडी घालते, कारण लस गोठली तरी वायाच जाते. रस्ता ओलांडून लगेच टोचून घ्या, असं बजावते. तरी एका दादाने ती गाडीच्या डिक्कीत टाकली आणि निवांत उसाचा रस प्यायला गेले.

मागे पारोळ्याकडची एक अंगणवाडी सेविका एकटीच आली होती. माझं ठेवणीतलं वाक्य संपायच्या आत म्हणाली, "बाळाचं कळलं, ताई. मला काय फायदा?"

हे मला कुणी विचारत नाही, त्यामुळे आधी बरंच वाटलं. मग सांगितलं. पोट वाढतं तशी फुप्फुसाला जागा कमी पडते, हृदयावर कामाचा बोजा वाढतो, शरीराची रोगाशी झुंजायची रीतही बदलते. म्हणून इतरांना अंथरुणावर पाडणारा फ्लू गरोदर बाईला थेट दवाखान्यात नेऊ शकतो. 2009च्या स्वाइन फ्लूत जगभर हे दिसलं, म्हणून 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लसीसाठी गरोदर बायांचा नंबर सगळ्यांत वर लावला. लस अंगात मुरायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा पावसाळ्यातल्या साथीच्या आधी घेतलेली बरी.

तिने पर्समधून बचत गटाचे पैसे काढून मोजले. "हात किती दुखेल?"

"एक-दोन दिवस. डाव्या दंडाला घ्या."

"भाकरी थापायला दोन्ही लागतात हो."

"मग?"

"मग काय, दोन दिवस नवरा पाव आणील."