बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बालकांचे काय?

माणसाला परमेश्वरापासून कायमचे तोडणारे पाप घडण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे कॅथलिक धर्मशिक्षण सांगते. कृत्य मुळात गंभीर असले पाहिजे, ते गंभीर आहे याची करणाऱ्याला पुरती जाणीव असली पाहिजे आणि त्याने ते राजीखुशीने केलेले असले पाहिजे. जन्मून तासाभरात दगावलेल्या किंवा आईच्या पोटातच गेलेल्या बाळाच्या बाबतीत यातली एकही गोष्ट संभवत नाही. तरीसुद्धा बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या अशा बाळाचे मरणानंतर काय होते, हा प्रश्न ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, सोळाशे वर्षे छळत राहिला आणि त्याला दिल्या गेलेल्या उत्तरांनी कितीतरी आयांचे दुःख दुप्पट केले.

प्रश्नाचे मूळ दोन शिकवणींत आहे. आदामापासून चालत आलेले आदिपाप प्रत्येक माणसाला जन्मतःच लागलेले असते, ही पहिली. आणि पाण्याने व आत्म्याने पुन्हा जन्म घेतल्याशिवाय कोणी देवाच्या राज्यात जाऊ शकत नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानातले येशूचे वचन, ही दुसरी; हा पुन्हा जन्म म्हणजे बाप्तिस्मा, पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी. पाचव्या शतकात आदिपाप नाकारणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी वाद घालताना संत ऑगस्टीन यांनी या दोन्ही शिकवणी शेवटच्या टोकापर्यंत ताणल्या आणि बाप्तिस्मा न झालेली बालके नरकातच जातात, मात्र त्यांची शिक्षा सर्वांत सौम्य असते, असे प्रतिपादन केले. ते दगडाच्या काळजाचे होते, असा आरोप त्यांच्यावर सर्रास होतो, तो मला पटत नाही. इ.स. 415 च्या सुमारास संत जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात, बालकांच्या शिक्षेचा विचार आला की आपण मोठ्या पेचात सापडतो आणि काय उत्तर द्यावे ते सुचत नाही, अशी कबुली त्यांनी दिलेली आहे. पुढच्या पिढ्यांनी त्यांचा निष्कर्ष तेवढा उचलला आणि त्यांची अस्वस्थता मागे टाकली.

मध्ययुगातल्या पंडितांना ही सौम्य शिक्षासुद्धा सोसवेना, तेव्हा त्यांनी लिंबोची, म्हणजे स्वर्गही नव्हे आणि यातनांचा नरकही नव्हे अशा स्थितीची, कल्पना पुढे आणली. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते या बालकांना परमेश्वराचे दर्शन घडत नाही, पण आपण कशाला मुकलो हे त्यांना ठाऊकच नसल्यामुळे त्यांना दुःखही होत नाही. निसर्गतः माणसाला मिळू शकेल तेवढे सुख ती भोगतात. ख्रिस्तसभेने लिंबोला श्रद्धासिद्धान्ताचा दर्जा कधीच दिला नाही, तरी धर्मशिक्षणाच्या वर्गांतून ती शतकानुशतके शिकवली गेली.

या शिकवणीचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला, ते पाहायचे तर स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्युरेन या गावी जावे लागेल. पंधराव्या शतकात तिथल्या मरियामातेच्या देवळात लोक लांबलांबून मृत जन्मलेली बाळे घेऊन येत. बाळाला निखाऱ्यांजवळ ऊब देत, त्याच्या ओठांवर एक हलके पीस ठेवत आणि ते पीस जरासे हलले की बाळात क्षणभर जीव आला असे मानून लगेच बाप्तिस्मा देऊन त्याला पवित्र भूमीत पुरत. कॉन्स्टन्सच्या बिशपांनी या प्रकाराविरुद्ध रोमला तक्रारही केली होती. 1990 च्या दशकात तिथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे 250 अर्भकांचे सांगाडे मिळाले. त्या आईबापांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे; मला मात्र त्यांच्यात आपल्या लेकराचा स्वर्ग हातचा जाऊ नये म्हणून धडपडणारी माणसे दिसतात. आयर्लंडमध्ये तर अशा बाळांना दफनभूमीत जागाच नव्हती. विसाव्या शतकातसुद्धा त्यांना शेताच्या बांधालगत किंवा पडक्या देवळांच्या आवारात, बहुधा अंधार पडल्यावर, पुरले जाई.

माझ्या आजीचे पहिले मूल जन्मतःच गेले होते. घरातल्या सगळ्या मृतांसाठी ती दरवर्षी 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, सुमारास मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) अर्पण करून घेई, प्रत्येकाचे नाव कागदावर लिहवून घेई. पण त्या बाळाला नाव नव्हते, म्हणून त्या कागदावर ते कधी आले नाही. ते लिंबोत आहे आणि तिथे प्रार्थना पोहोचत नाहीत, असे तिला लहानपणी कोणीतरी शिकवले होते.

खरे तर वेगळ्या उत्तराच्या खुणा परंपरेत आधीपासूनच होत्या. सोळाव्या शतकात कार्डिनल कायेतान यांनी मांडले की पोटातच दगावणाऱ्या बाळाला आईबापांच्या इच्छेने तारण मिळू शकते. पोप पायस पाचवे यांनी त्यांच्या ग्रंथाच्या रोमन आवृत्तीतून तो भाग काढून टाकायला लावला. त्याहून जुनी खूण आमच्या पूजावर्षातच आहे. येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने बेथलेहेमात मारलेल्या बालकांचा सण आम्ही 28 डिसेंबरला पाळतो आणि त्यांना संत मानतो. त्यांच्यातल्या एकाचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता.

1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात लिंबोचा उल्लेखही नाही. आदिपाप हे कोणी केलेले पाप नसून वाट्याला आलेली स्थिती आहे, असे तो स्पष्ट करतो. आणि तारण परमेश्वराने बाप्तिस्म्याशी जोडले असले तरी तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, असेही सांगतो. माझ्या दृष्टीने सगळ्या वादाचा गाभा या शेवटच्या वाक्यात आहे. त्यापुढचे पाऊल व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने टाकले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निवेदनानुसार, ही बालके तारली जातील आणि परमेश्वराच्या सान्निध्यात सुखी होतील अशी आशा धरायला भक्कम आधार आहेत. मात्र हे खात्रीचे ज्ञान नव्हे, आशा आहे, असेही त्यात बजावले आहे. काहींना हे उत्तर गुळमुळीत वाटते. मला ते प्रामाणिक वाटते, कारण जे प्रकट झालेले नाही ते ठाऊक असल्याचा आव न आणता ते दुःखी आईबापांना परमेश्वराच्या प्रेमावर भिस्त ठेवायला सांगते.

मग बाप्तिस्म्याची घाई कशाला, असे कोणी विचारील. ख्रिस्तसभेने ती घाई सोडलेली नाही. बाळ अत्यवस्थ असेल तर धर्मगुरूची वाट न पाहता परिचारिका, डॉक्टर, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, ख्रिस्तसभा जे करू इच्छिते ते करण्याच्या हेतूने, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. हातात असलेली देणगी द्यायचीच. ती देता आली नाही म्हणून देणाऱ्याचे हात आखडले असे मात्र मानायचे नाही.

ही शिकवण प्रसूतिगृहातल्या खाटेपर्यंत अजून पुरती पोहोचलेली नाही, याचे मला वाईट वाटते. बाळ गमावलेल्या कॅथलिक कुटुंबांना हे कळलेच पाहिजे की, आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती पण त्याआधीच बाळ गेले, तर 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधी ख्रिस्तसभेच्या रीतीने करता येतो. मिस्साग्रंथात अशा बाळासाठी आणि त्याच्या आईबापांसाठी वेगळ्या प्रार्थना दिलेल्या आहेत. त्यासाठी आपल्या धर्मग्रामातल्या फादरांशी थेट बोलावे, आणि बाळाला नाव ठेवावेसे वाटले तर खुशाल ठेवावे.