ऱ्हिओचा पापुद्रा, साखर आणि मीठ : पावसाळ्यातल्या नोंदी

अकरावीच्या प्रॅक्टिकलला आपल्यापैकी बहुतेकांनी हे एकदा पाहिलेलं असतं. ऱ्हिओच्या पानाचा जांभळा पापुद्रा, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब, आणि बघता बघता पेशीतला जांभळा रंग आक्रसून मधोमध गोळा होतो. रससंकोच. आकृती काढा, सही घ्या, पुढच्या टेबलावर चला. माझी ती पाच मिनिटं अपुरीच राहिली होती. आता घरचा मायक्रोस्कोप आहे, सोसायटीच्या कुंपणाला ऱ्हिओ माजलाय, आणि पावसात शनिवार-रविवार कुठे जाणं होत नाही. म्हणून यंदा नुसतं बघायचं नाही, मोजायचं असं ठरवलं. प्रश्न एकच धरला : पेशीतलं पाणी ओढून काढायला साखर किती लागते, मीठ किती लागतं, आणि दोघांत फरक का पडतो?

१४ जून

अख्खा दिवस पापुद्रा काढायला शिकण्यात गेला. पानाची वरची बाजू हिरवी, खालची जांभळी; आपल्याला खालची हवी. पान जांभळ्या बाजूला दुमडून तिरपं फाडलं की फाटलेल्या कडेला पातळ, पारदर्शक झालर राहते. ती चिमट्याने अलगद ओढायची. झालरीला हिरवा थर चिकटला असेल तर तेवढा भाग ब्लेडने कापून टाकायचा, नाहीतर फोकस लागतच नाही. चीक हाताला खाजतो, ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी हातमोजे घालावेत.

पापुद्र्याच्या बाहेरच्या बाजूवर मेणचट थर असतो, तिथून द्रावण आत शिरत नाही. त्यामुळे फाटलेली बाजू द्रावणाकडे हवी. हे कळेपर्यंत माझे सहा तुकडे वाया गेले.

२१ जून

पहिली मोजणी, आणि ती पूर्ण फुकट. तीन चुका सापडल्या, लिहून ठेवतो.

एक, साडेसात ग्रॅम साखरेत मी १०० मिली पाणी ओतलं. साखर स्वतःही जागा घेते. थोड्या पाण्यात विरघळवून मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरायला हवं होतं. दोन, थेंब टाकून दोन मिनिटांत मोजायला बसलो. आता छोट्या झाकणात पापुद्रा वीस मिनिटं बुडवून ठेवतो आणि मगच स्लाइडवर घेतो. स्लाइडवर तेवढा वेळ ठेवला तर कव्हरस्लिपच्या कडेने पाणी उडून द्रावण आपोआप दाट होत जातं. तीन, साखरेसाठी एक पान आणि मिठासाठी दुसरं पान वापरलं. उन्हातल्या पानात आणि सावलीतल्या पानात फरक असतो, त्यामुळे तुलनेला अर्थच उरला नाही.

पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतोय. वजनाला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा आहे.

२८ जून

आज मोजणी नीट झाली, आणि त्याचं श्रेय बारावीतल्या भाचीला. द्रावणांच्या झाकणांखाली मी क्रमांक लिहिले, कोणता क्रमांक म्हणजे किती दाट हे तिला सांगितलं नाही. मोजणारी ती, लिहिणारा मी. मी स्वतः मोजतो तेव्हा मला हवं ते दिसायला लागतं, हे २१ तारखेला पुरेसं लक्षात आलं होतं.

"मामा, ह्याचा फक्त एक कोपरा सुटलाय. हा धरायचा?"

धरायचा. एक जरी कोपरा भिंतीपासून सुटला तरी ती पेशी संकोचलेली. नियम आधी ठरवला, मग मध्ये बदलायचा नाही. फक्त जांभळ्या पेशी मोजायच्या. पर्णरंध्रांभोवतीच्या बिनरंगी पेशी आणि मधल्या शिरेवरच्या लांबट पेशी सोडायच्या. प्रत्येक द्रावणात ६० पेशी.

साखर, ०.१८ मोलर (मोलर म्हणजे एका लिटर द्रावणात किती रेणू आहेत याचं माप) : ६० पैकी ९ संकोचलेल्या. ०.२२ मोलर : २७. ०.२६ मोलर : ५१. म्हणजे निम्म्या पेशी साधारण ०.२२५ मोलरला सुटतात. निम्म्याचा आकडा का घ्यायचा, तर त्या ठिकाणी बाहेरचं द्रावण आणि पेशीतला रस पाणी ओढण्यात बरोबरीला आलेले असतात. सगळ्या पेशी सारख्या नसतात, म्हणून सरासरी पेशीचा आकडा.

यावरून दाब काढता येतो. खोलीत २७ अंश होतं. ०.२२५ मोलरचा परासरण दाब, म्हणजे द्रावणाची पाणी ओढण्याची ताकद, सुमारे ०.५६ मेगापास्कल, म्हणजे साडेपाच वातावरणांइतका. पाण्यात टवटवीत बसलेल्या पेशीत जवळपास तेवढाच दाब आतून भिंतीवर असतो. गाडीच्या टायरमध्ये आपण भरतो त्याच्या अडीचपट! कुंपणावरच्या त्या पानाला हात लावताना आता मला हे दर वेळी आठवतं.

५ जुलै

मिठाची पाळी. त्याच झाडाचं, त्याच फांदीवरचं पान. आणि खात्रीसाठी त्याच पानावर साखरेची ०.२२ ची मोजणी परत केली (६० पैकी २९, जुळलं).

मीठ, ०.१० मोलर : ४. ०.१२ मोलर : १९. ०.१४ मोलर : ४१. निम्म्याचा आकडा ०.१३ मोलर.

आता हे ग्रॅममध्ये मांडून बघा. १०० मिलीत साखर ७.७ ग्रॅम लागली आणि मीठ पाऊण ग्रॅमच्या जरा वर. वजनाने दहापट फरक! आई खमंग काकडी करताना चोचवलेल्या काकडीला चिमूटभर मीठ लावून म्हणते, "पाणी सुटू दे, मग पीळ." तिथे कोणी साखर लावून पाणी सुटायची वाट बघत नाही. चिमटीचं काम करायला साखर मूठभर लागेल.

या दहापटीतला मोठा वाटा सोपा आहे. साखरेचा रेणू जड, ३४२. मिठाचा सूत्रभार, म्हणजे त्याच्या एका नगाचं वजन, ५८.४. एका ग्रॅम मिठात एका ग्रॅम साखरेच्या जवळजवळ सहापट नग असतात, आणि परासरणाला नगांची संख्या कळते, त्यांचं वजन कळत नाही. पण सहापट म्हणजे दहापट नव्हे. उरलेला फरक ०.२२५ भागिले ०.१३, म्हणजे सुमारे १.७३. तो कुठून आला?

तो आला मीठ पाण्यात फुटतं म्हणून. सोडियम वेगळा, क्लोराइड वेगळा. एका नगाचे दोन. साखर विरघळते पण अख्खी राहते. पूर्ण दुप्पट न येता १.७३ आलं, कारण विरुद्ध भारांचे आयन (मीठ फुटून झालेले भारित कण) एकमेकांना थोडे बांधून असतात आणि त्यामुळे दोन नग पूर्ण दोन म्हणून वागत नाहीत. शिवाय साखरेचा रेणू स्वतःभोवती बरंच पाणी धरून ठेवतो आणि आपल्या आकड्यापेक्षा किंचित जास्त ओढतो. माझ्या मोजणीत चूक असणारच, तरीही घरच्या टेबलावर, एका पानावर, मीठ फुटतं हे दिसलं. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

याच कामासाठी १८८४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीसने हीच वनस्पती वापरली होती; तेव्हा तिचं नाव ट्रॅडेस्कॅन्शिया डिस्कलर होतं. कोणत्या क्षाराचं किती दाट द्रावण पेशीला नेमकं सोडवतं याची त्याने पद्धतशीर तुलना केली. क्षार साखरेपेक्षा ठरावीक पटीने जोरात ओढतात, हे त्याला पेशींनी सांगितलं. त्याच शहरातल्या रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने परासरणाचं गणित बसवलं, आणि क्षारांचं ते जास्तीचं ओढणं कशामुळे, हे १८८७ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियसच्या आयनांच्या सिद्धांताने उलगडलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, व्हान्ट हॉफला मिळालं. आपण ज्याला कुंपणाची झाडी म्हणतो, तिने त्या गणिताला हातभार लावला आहे.

१२ जुलै

आज काही मोजलं नाही. एका पेशीकडे चाळीसच्या भिंगातून सलग पंचवीस मिनिटं बघत बसलो.

०.४ मोलर साखर, टिपकागदाने एका बाजूने ओढून घेतलेली. आधी काहीच होत नाही. भिंत जराशी सैल पडल्यासारखी वाटते, बास. मग एका कोपऱ्यात नखाएवढी फट पडते, चंद्रकोरीसारखी. फटीत रंग नाही. भिंतीतून बाहेरचं द्रावण आत येऊन बसलंय. मग दुसरा कोपरा. रंग दाट होत जातो, फिक्या जांभळ्याचा पिकल्या जांभळासारखा. शेवटी षटकोनी चौकटीत एक गुळगुळीत गोळा. नंतर साधं पाणी सोडलं, हळूहळू, दोन हप्त्यांत, की तोच गोळा फुगत जाऊन परत कोपऱ्या-कोपऱ्यात बसतो. मेलेल्या पेशीला हे जमत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मीही ती बरीच वर्षं चुकीची धरून होतो. आपल्याला दिसणारी जांभळी कड म्हणजे पेशीपटल (भिंतीच्या आत पेशीला वेढणारा पातळ पडदा) नव्हे. रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतो, आणि ती कड रिक्तिकेच्या पटलाची. त्याच्या बाहेर पेशीद्रव्याचा पातळ थर आणि त्याच्याही बाहेर पेशीपटल. ते पटल ७-८ नॅनोमीटर जाडीचं. आपल्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. कितीही भारी भिंग आणलं तरी पटलाची जाडी आपल्याला दिसणार नाही. ते कुणाला अडवतं आणि कुणाला सोडतं, एवढ्यावरूनच ते ओळखायचं. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त हेच आवडतं.

ते दोन पदरी आहे हेही असंच, न बघता कळलं. १९२५ मध्ये नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला सगळा मेद काढून पाण्यावर एकेरी थरात पसरवला आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत अशी की त्यांनी मेद पूर्ण काढला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही कमी धरला होता. दोन चुकांनी एकमेकींना छाटलं आणि निष्कर्ष बरोबर आला. पटलाच्या मेदाच्या रेणूचं डोकं फॉस्फेटचं, त्याला पाणी हवं. दोन शेपट्या मेदाच्या, त्यांना पाणी नको. म्हणून शेपट्या आत, एकमेकींकडे, आणि डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे.

त्या शेपट्यांच्या तेलकट थरातून सोडियमला जायचं तर अंगाभोवतीचं पाणी सोडावं लागेल, आणि भार असलेल्या आयनाला ते फार महाग पडतं. साखर भारित नाही, पण मोठी आहे आणि तिच्यावर आठ हायड्रॉक्सिल गट आहेत. तीही पाण्याला चिकटून. पाणी मात्र लहान. ते मेदातून थोडंफार जातंच, शिवाय पटलात त्याचे खास दरवाजे असतात. ते अ‍ॅक्वापोरिन पीटर आग्रेच्या गटाने १९९२ मध्ये ओळखलं. आफ्रिकन बेडकाचं अंडं एरवी साध्या पाण्यात टिकतं, पण त्याच्याकडून हे प्रथिन बनवून घेतल्यावर ते काही मिनिटांत फुगून फुटलं. २००३ चं नोबेल त्यासाठी. पाऱ्याच्या क्षारांनी हे दरवाजे बरेचसे बंद होतात असं वाचून कुणाला प्रयोग सुचला असेल तर घरी अजिबात नको, पारा विषारी आहे.

१९ जुलै

पडताळणी. पापुद्रा ७० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं धरला. रंग धुरासारखा बाहेर आला, पेशीभित्तिका जशाच्या तशा. मग ०.५ मोलर मीठ दिलं तरी ढिम्म. भिंत अडवत नाही, पटल अडवतं. आणि उष्णतेने पटल गेलं की अडवणारं कुणी उरत नाही. हा तुकडा प्रत्येक मोजणीसोबत ठेवा, त्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

२ ऑगस्ट

मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं. ०.४ मोलर, १०० मिलीत ३.६८ ग्रॅम. ग्लिसरीन हा लहान रेणू, तीन हायड्रॉक्सिल गट, भार नाही. माझा अंदाज होता की साखरेसारखंच होईल, फक्त थोडं कमी.

वीस मिनिटांनी अगदी साखरेसारखे गोळे. मी चहा घेऊन आलो. पन्नास मिनिटांनी गोळे जरा मोठे वाटले. द्रावण बदललेलं नाही, पाणी सोडलेलं नाही. एक तास दहा मिनिटांनी कोपरे भरायला लागले. पावणेदोन तासांनी ६० पैकी ८ पेशी संकोचलेल्या, बाकी सगळ्या परत भिंतीला टेकलेल्या! शेजारच्या झाकणात ०.४ मोलर साखरेतले गोळे मात्र तसेच घट्ट.

ग्लिसरीन हळूहळू आत शिरलं, आणि त्याच्यामागून पाणी. आधी पाणी झटकन बाहेर गेलं म्हणून गोळा. मग ग्लिसरीन सावकाश आत आलं म्हणून पुन्हा फुगवटा. एकाच पटलावर तीन वेग दिसले : पाण्याचा मिनिटांत, ग्लिसरीनचा तासांत, साखरेचा इतका सावकाश की दुपारभरात दिसलाच नाही.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा साखरेच्या झाकणातला तुकडा फेकण्याआधी पुन्हा स्लाइडवर घेतला. कंडेन्सर खाली केला, डायफ्रॅम जवळजवळ मिटला. गोळ्यापासून भिंतीपर्यंत ताणलेले केसाहून बारीक धागे दिसले, काही एका बिंदूतून दोन फाटे फुटलेले. कार्ल हेश्टने १९१२ मध्ये वर्णन केलेले हेच ते धागे. पटल भिंतीला जिथे चिकटलेलं असतं तिथे सुटता सुटता ओढलं जातं. भाचीला हाक मारली. तिने बराच वेळ डोळा भिंगाला लावून ठेवला आणि मग धागे मोजायला लागली. बावीस झाले, खालच्या बाजूचे अजून राहिलेत.