नागपूरजवळ कॅराव्हॅन आणि तंबूचा मुक्काम: जागा निवडताना

नागपूरहून कोणत्याही दिशेने तास-दीड तास गाडी चालवली, की तलाव, जंगल किंवा एखादे देवस्थान लागतेच. ४४ आणि ५३ क्रमांकाचे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे रस्त्यांचीही वाण नाही. मात्र लहान मुले आणि वयस्कर माणसे सोबत घेऊन, कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, उभी करून रात्र काढायची म्हटले, की त्यांतल्या फार थोड्या जागा उरतात. गुढीपाडव्याला जोडून आलेल्या सुट्ट्यांत आम्ही रामटेक आणि पेंचच्या बाजूला गेलो, तेव्हा आमच्या गाडीत मी, पत्नी, आई आणि दोन मुले होतो आणि मेहुण्यांचे कुटुंब तंबू घेऊन त्यांच्या गाडीतून मागे येत होते. एकाच जागेवर दोन्ही बिऱ्हाडांची सोय व्हायला हवी होती.

कॅराव्हॅन भाड्याची होती, टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली आणि आरटीओकडे मोटर कॅराव्हॅन म्हणूनच नोंदवलेली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात पाणी, वीज व रस्ता असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना मांडलेली आहे. आमच्या वाटेवर असे पार्क नव्हते, म्हणून तंबूंच्या खासगी कॅम्पवाल्यांना आधीच फोन करून गाडीची लांबी, उंची आणि वजन सांगितले व आत वळायला जागा आहे का ते विचारून घेतले. ज्यांनी फाटकाचा आणि आतल्या मोकळ्या जागेचा फोटो लगेच पाठवला, त्यांच्याकडेच आम्ही गेलो.

माझ्या मते जागेची पहिली परीक्षा जमिनीची असते. नागपूर जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक दिसते, पण अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली की जड गाडीची चाके त्यात रुततात, आणि विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीसह पाऊस येणे काही नवे नाही. मनसर-रामटेकच्या टेकड्यांखालची जमीन त्या मानाने मुरमाड आहे. कामठी, कन्हान, मनसर असे करत खिंडसी तलावाजवळच्या कॅम्पवर पोहोचल्यावर मेहुण्यांनी तंबूची खुंटी ठोकून पाहिली. चार बोटे आत जाऊन ती अडली आणि उपटल्यावर टोकाला लालसर मुरूम लागलेला होता. अशा जमिनीत तंबू उभारताना हात दुखतात, पण गाडी निर्धास्त उभी राहते.

पहिल्यांदाच मुलांना घेऊन बाहेर राहणाऱ्या कुटुंबांना मी खिंडसीच सुचवीन. शहरापासून अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे, रामटेकचे दवाखाने आणि बाजार जवळ आहेत, तलावात नौकाविहार आहे आणि गडमंदिराच्या पायथ्यापासून वरपर्यंत गाडीरस्ता असल्याने आईलाही दर्शन घडले. कॅम्पवाल्यांनी अंगणात गोवऱ्या पेटवायची परवानगी दिली, म्हणून रात्री रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे, आणि वांग्याची भाजी झाली. विदर्भात शेतात किंवा देवळाजवळ जमून रोडग्यांचा स्वयंपाक करण्याची रीत जुनीच आहे, आणि सहलीच्या जेवणासाठी याहून चांगला बेत मला तरी माहीत नाही. शांतता हवी असेल तर मात्र रविवार टाळावा, आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत तर मोठी गाडी रामटेककडे नेऊच नये.

तिथून आम्ही पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी प्रवेशद्वाराच्या बाजूला गेलो. नागपूरहून सरळ आल्यास हे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर भरते. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंचला भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचे आकाश कृत्रिम प्रकाशापासून जपलेले ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया आणि खापा या गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. पाडव्याच्या आसपास जाण्याचा लाभ असा, की अमावास्या नुकतीच उलटून गेलेली असते. जेवणे झाल्यावर पश्चिमेला मृग नक्षत्र दिसत होते, आणि पहाटे तीननंतर उठवल्यावर मुलांनी पूर्वेकडे वर चढणारा आकाशगंगेचा पट्टा स्वतःहून ओळखला. ज्या कॅम्पवर रात्रभर हॅलोजन जळत असतो, तिथे या प्रदेशाचे हे धन वाया जाते. म्हणून दिवे किती वाजता बंद करता, हे आधी विचारून ठेवावे.

जंगलालगत जागा निवडताना नजर वरच्या झाडांवरही हवी. मी एका डेरेदार झाडाच्या सावलीकडे गाडी वळवत होतो, तेव्हा कॅम्पवरचे वयस्कर राखणदार पुढे आले.

“साहेब, तिथं नका लावू जी. मोहाचं झाड हाय. फुलं पडून राह्यली, पहाटेला अस्वल येते.”

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात आणि अस्वलांना ती फार आवडतात. त्याच वेळी गावकरीही फुले वेचायला येतात, म्हणून त्यांना रोजचा अंदाज असतो. तंबू कुंपणाच्या आत, स्वच्छतागृहाजवळ आणि उघड्यावर लावला. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली तर चूलही नको, कारण धुराने माश्या उठतात. शिवाय फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम असल्यामुळे इथे आम्ही शेकोटी केलीच नाही आणि स्वयंपाक गाडीतल्या गॅसवर केला. पावसाळ्यानंतर येणाऱ्यांनी उंच गवत टाळावे. स्क्रब टायफस हा ताप पसरवणारी चिगर माइट या बारीक किड्याची पिल्ले तिथेच असतात, आणि २०१८ मध्ये या आजाराने नागपूरकरांना चांगलेच हैराण केले होते.

वीज आहे एवढ्या उत्तरावर कॅराव्हॅनवाल्याने समाधान मानू नये. एक टनाच्या एसीला साधारण हजार ते बाराशे वॅट लागतात, म्हणून १६ अँपिअरचा प्लग, अर्थिंग आणि जाड वायर या तिन्ही गोष्टी हव्यात. संध्याकाळी कॅम्पचा पाण्याचा पंप सुरू झाला तेव्हा माझ्या मल्टिमीटरवर दाब १८५ व्होल्टपर्यंत उतरला, म्हणून एसी थांबवला. वायरचे वेटोळे तसेच ठेवले तर ते तापते. ती पूर्ण उलगडूनच जोडावी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सांडपाणी आणि शौचालयाची टाकी. नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंच नदीवरून, म्हणजे तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांतून येतो. त्या परिसरातल्या नाल्यात टाकी रिकामी करणे हा मी गुन्हाच मानतो. कॅम्पवर सेप्टिक टँक आहे का आणि आमची कॅसेट, म्हणजे गाडीतल्या शौचालयाची काढता येणारी टाकी, त्यात रिकामी करू द्याल का, हे स्पष्ट विचारावे. टाकीत कडक रसायने घालू नयेत, कारण सेप्टिक टँकमधील जिवाणू मरतात. नकार मिळाला तर तिथे गाडीतले शौचालय न वापरता कॅम्पचे वापरावे.

एका रात्रीसाठी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जवळ आहे, पण त्या बाजूला काळी माती असल्याने कॅराव्हॅन हिवाळ्यातच न्यावी. वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्प लहान आणि कमी गर्दीचा आहे. ताडोब्यासाठी किमान दोन रात्री काढाव्यात आणि तिथली सफारी मंगळवारी बंद असते हे धरून आखणी करावी. चिखलदऱ्याची हवा उत्तम आहे, पण घाटातली वळणे पाहता तिकडे मी कॅराव्हॅन नेणार नाही. साधी गाडी आणि तंबूच नेईन.