हॉलमधलं ठिबक: फेब्रुवारी ते ऑगस्ट

एकूण नऊ कुंड्या. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. एक अरेका पाम, एक पीस लिली, एक कलाथिया, एक सिंगोनियम, तीन मनीप्लांट. शिवाय स्नेक प्लांट आणि झीझी आहेत, पण त्या दोघांना मी ठिबकवर घेतलेलंच नाही. पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी मिळालं तरी त्यांचं भागतं.

आम्ही दोघंही नोकरीवाले. गावी गेलो की किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू मायेने रोज पाणी घालतात. त्या मायेपायी आधीच्या दोन पीस लिली मुळांपासून कुजल्या, म्हणून आपोआप पाणी देण्याचा हा सगळा खटाटोप.

२२ फेब्रुवारी

पहिली जोडणी: ईएसपी३२ बोर्ड (कोड लिहून चालवायचा, वायफायवाला छोटा संगणक), रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), ५ व्होल्टचा छोटा बुडीत पंप, ४ मिमीची पारदर्शक नळी आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन. कॅन ठेवला चपलांच्या रॅकवर, म्हणजे कुंड्यांपेक्षा वर. रोज सकाळी सातला ४० सेकंद पंप चालू. शुक्रवारी चालवून बघितलं, झकास चाललं. शनिवारी सकाळी आम्ही लग्नाला गेलो.

रविवारी रात्री दार उघडलं तर चपला तरंगायच्याच बाकी होत्या. पंप ४० सेकंदांनी बरोब्बर थांबला होता, पण नळी एकदा पाण्याने भरली आणि तिचं खालचं तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीखाली असलं की पंपाची गरजच उरत नाही. सायफनने अख्खा कॅन रिकामा केला. लहानपणी पिंप रिकामं करायला आपण नळी तोंडाने ओढायचो तेच हे, फक्त इथे ओढायचं काम पंपाने केलं.

मार्च, पहिला पंधरवडा

कॅन जमिनीवर आला. ठिबकच्या दुकानातून २ आणि ४ लिटर ताशीचे ड्रिपर आणले, प्रेशर कमी-जास्त झालं तरी सारखंच पाणी सोडणारे. जोडले, पंप लावला, आणि थेंब नाही.

निफाडच्या मामाला फोन केला. त्याची द्राक्षबाग कित्येक वर्षं ठिबकवर आहे. तो हसायलाच लागला. "अगं, त्या ड्रिपरला किलोभर प्रेशर लागतं. तुझा पंप पाणी किती उंच चढवतो?" मीटरभर, मी म्हटलं. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ. हिशोब संपला.

पुढच्या खेपेला मामाने बॅटरीवरच्या जुन्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची मोटर आणून दिली. ही मोटर उलट फार जोरकस निघाली. आठ ड्रिपरमधून जाऊन जाऊन पाणी जाणार किती! प्रेशर चढायचं, आतला स्विच मोटर तोडायचा, पुन्हा जोडायचा, कट-कट-कट. त्यात एक नळी सटकली आणि खिडकीच्या पडद्याला फवारणी झाली. त्यावरही उपाय मामाचाच: बायपास. पंपापुढे एक टी (तीन तोंडांचा जोड), त्याला छोटा कॉक, आणि जास्तीचं पाणी परत जिथून उपसलं तिथेच.

मधला डबा

ह्या सगळ्या उपद्व्यापात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा डबा. जमिनीवरच्या कॅनमधून तोच जुना ५ व्होल्टचा पंप दोन लिटरच्या एका डब्यात पाणी चढवतो. डबा स्टुलावर आहे आणि नळीचं तोंड कॅनच्या काठापेक्षा वर, म्हणजे सायफन लागायचा नाही. डब्यात फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत वर येऊन पंप बंद करणारा) आहे, ८७० मिली झालं की भरणं बंद. मग फवारणीची मोटर तो डबा रिकामा करते. फ्लोट दगा देईल ह्या धास्तीने भरणाऱ्या पंपाला वेळेची मर्यादाही घातली आहे. उद्या कोड अडकला, सेन्सर मेला, काहीही झालं तरी एका वेळी डब्यात आहे तेवढंच पाणी घरात सांडणार. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताकडे बघता मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

कुणाला किती, हे कोडमध्ये नाही, ड्रिपरमध्ये आहे. अरेकाला ४ लिटरचे दोन. लिली, कलाथिया, सिंगोनियमला ४ चा एकेक. मनीप्लांटना २ चा एकेक. पाण्याच्या एका पाळीला अरेकाला साधारण २६८ मिली, लिलीला १३४, मनीप्लांटला ६७. प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून मोजलं. दहा-पंधरा मिली इकडेतिकडे होतं, चालतं.

रिलेही काढून टाकला. लाइट जाऊन आली की बोर्ड सुरू होताना तो क्षणभर टक् करून पंप चालवायचा. आता मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे, आणि बोर्ड सुरू होईपर्यंत तो बंदच राहावा म्हणून त्याच्या गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर. ती खोड गेली.

एप्रिल: सेन्सरची शिकवणी

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. सुरुवातीला दोन काट्यांचा स्वस्तातला ओलावा सेन्सर घेतला होता. त्यातून वीज वाहते, त्यामुळे ओल्या मातीत काट्यांचा मुलामा महिन्याभरात खाल्ला गेला. मग कपॅसिटिव्ह घेतला, त्यात धातू मातीला उघडा लागत नाही. त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं, म्हणून कडांना नेलपॉलिशचे तीन हात दिले. आधी तो २५ नंबरच्या पिनवर होता आणि वायफाय चालू केलं की आकडाच यायचा नाही. ईएसपी३२ मध्ये ती पिन दुसऱ्या एडीसीवर (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) आहे आणि तो वायफायबरोबर वापरता येत नाही. ३४ वर हलवल्यावर सुरळीत. माझ्या दोन संध्याकाळी ह्यात गेल्या, तुमच्या जाऊ नयेत.

पण आकडा आला म्हणजे काय कळलं? हवेत २७२०, पाण्यात १२४०. मधला कुठला आकडा म्हणजे 'पाणी द्या'? मी आपली पन्नास टक्के वगैरे धरून बसले होते. मामाने एकच विचारलं, "वाफसा कुठल्या आकड्याला येतो?"

शेतीतला हा शब्द कुंडीला लावायचं मला सुचलंच नव्हतं. माती ओली आहे पण चिखल नाही, कणांच्या फटींत पाणीही आहे आणि हवाही, मुळांना श्वास घेता येतो, तो वाफसा. "पाणी पाजायचं नसतं गं, वाफसा धरून ठेवायचा असतो."

मग लिलीची कुंडी आठवडाभर रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. भरपूर पाणी घालून निथळल्यावर ३ किलो ४२० ग्रॅम. पानं किंचित मलूल झाली तेव्हा २ किलो ६१०. बोट दोन पेरं आत घातल्यावर गार लागतं, पण बाहेर काढल्यावर बोटाला चिकटत नाही, ती अवस्था २ किलो ९०० च्या आसपास. तेव्हा सेन्सर दाखवत होता १९५०. तोच आता माझा आकडा. तुमच्या कोकोपीटचा वेगळा असेल, माझा उचलू नका.

सेन्सर ड्रिपरच्या खाली खुपसू नका, पहिल्या दहा थेंबांतच तो 'ओलं, ओलं' म्हणून ओरडतो. कुंडीच्या विरुद्ध बाजूला लावा. आणि एकदा पाणी दिलं की पुढचे २० तास पुन्हा द्यायचं नाही, ही अट घाला. ओल पसरायला वेळ लागतो.

ह्या आकड्यावर एप्रिलमध्ये दर दोन दिवसांनी पाळी पडत होती. जुलैच्या झडीत तीच पाच-सहा दिवसांवर गेली. फेब्रुवारीतला घड्याळी टायमर तसाच ठेवला असता तर काकूंची आणि माझी कामगिरी सारखीच झाली असती.

मे-जून: खत

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच) विद्राव्य खत. १०० ग्रॅम घेऊन पाण्याने एक लिटर केलं. विरघळताना बाटली हाताला गारगार लागते, घाबरू नका. महिन्यातून दोनदा पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत मोजून थेंब सोडणारा) डब्यातल्या पाण्यात लिटरला ५ मिली ह्या हिशोबाने ते सोडतो, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. त्यातून नत्र जेमतेम ९५ पीपीएम, म्हणजे लिटरला ९५ मिलीग्रॅम. घरातल्या झाडांना ऊन कमी, वाढ कमी, भूकही कमी. खतानंतर लगेच ३०० मिली साधं पाणी, नाहीतर ड्रिपरमध्ये क्षार बसतात.

हुशारी करून त्याच बाटलीत कॅल्शियम नायट्रेटही घातलं होतं. दूध फाटावं तसा पांढरा गाळ खाली. फॉस्फेट आणि कॅल्शियम घट्ट द्रावणात एकत्र आले की असंच होतं. बाटली ओतून दिली.

मेमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११० वरून ६४० वर गेला. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरली. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवल्यावर सुटली. पारदर्शक नळीत शेवाळ आलं, म्हणून सगळी नळी काळी केली. कॅनला जुन्या चादरीचा अभ्रा शिवला.

ऑगस्ट, सध्या

लिलीला चौथा फुलोरा आलाय. कलाथियाच्या पानांच्या कडा मात्र टँकरच्या दिवसांत करपल्या त्या करपल्याच. नवीन दोन पानं आता स्वच्छ आहेत.

वैशाखात आजी तुळशीवर गळती लावायची, तळाला भोक पाडून वात घातलेलं मडकं. माझा एकूण खर्च मोटर सोडून तीन हजार दोनशे. आजीचा एका मडक्याचा.

गणपतीला आठ दिवस गावी जातोय. कॅन भरलेला असेल. काकूंना किल्ली दिली आहे, पण फक्त बघायला, हे दोनदा सांगितलं. त्या हो म्हणाल्या. जिना उतरेपर्यंत मागून हाक आली, "मग त्या झीझीला तरी थोडं घालू का?"